दाजींची वीज आणि ओला पंचा

जगात माणसांच्या जाती दोनच आहेत असं ठामपणे मानणारा एकच माणूस मी अख्ख्या कोल्हापुरात पाहिला, आणि तो नेमका आमच्या घरात जावई म्हणून आला. ज्यांच्यातून वीज जाते ते सुवाहक आणि ज्यांच्यातून जात नाही ते दुर्वाहक. बस्स, तिसरी जात नाही. आम्ही तरुण मंडळी त्या काळात जातिभेद, नगरपालिकेचे कोरडे नळ, सिनेमाची तिकिटं काळ्या बाजारात विकणारे आणि एकूणच मागची पिढी यांच्याविरुद्ध धडाधड पत्रकं काढत होतो. एकेका वाक्याला तीन-तीन उद्गारचिन्हं असायची. छापखान्यात खिळे कमी पडले तर जोडाक्षरं वगळायचो, पण उद्गारचिन्ह सोडायचो नाही. असं तापलेलं पत्रक मी मोठ्या आशेनं दाजींच्या हातात द्यायचो. दाजी ते उन्हात धरून वाळवायचे, बाहीवर खसाखसा घासायचे आणि भिंतीला लावून बघायचे. चिकटून राहिलं तर म्हणायचे, "पावणं, पत्रक झकास आहे." पडलं तर म्हणायचे, "कागद दमट आहे, विचार पोचणार नाही." आत काय लिहिलंय हे त्यांनी एकदाही वाचलं नाही. याचा मी तेव्हाही निषेध केला होता, आजही करतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. एका हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. आता शास्त्र म्हटलं की त्यात पानं येतात, बेडूक येतो, पाण्याची वाफ येते. दाजींच्या लेखी हा सगळा पसारा लोहचुंबक आणि वीज या दोन धड्यांच्या दाराबाहेर ताटकळत उभा होता. बेडकाला त्यांनी थोडा मान दिला होता, तोही त्याचा पाय विजेनं उडतो म्हणून. वनस्पतींचा धडा ते एका तासात उरकायचे आणि उरलेल्या वेळात लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचून वीज काढून दाखवायचे. "हा लिंबाचा खरा उपयोग," असं म्हणायचे. अक्का म्हणायची, "आणि आमटीत काय पिळू, तुमची तार?"

त्यांचं लग्न मला चांगलं आठवतं, कारण त्या लग्नात नवरदेवाच्या मुंडावळ्यांपेक्षा त्याच्या हातातल्या होकायंत्राची चर्चा जास्त झाली. भटजी म्हणाले, पूर्वेला तोंड करा. दाजींनी कोटाच्या खिशातून होकायंत्र काढलं, सुई स्थिर होईपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाले, "पूर्व इकडे नाही, गुरुजी. चार बोटं डावीकडे आहे." पाट सरकवला. सुई पुन्हा हलली. का हलली म्हणून शोध घेतला, तर आमच्या एका मामांनी आहेराची लोखंडी ट्रंक बोहल्याशेजारी आणून ठेवली होती. ट्रंक हलवली, पाट सरकवला, घंगाळातलं मुहूर्ताचं घटिकापात्र भरत आलं, भटजी घामाघूम झाले. मांडवातून कुणीतरी ओरडलं, "अवो पावणं, नवरदेव होकायंत्र घिऊन आलाय, बायकू कुठं हरवती का काय त्याची?" अख्खा मांडव हसला. दाजी हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं की पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे आणि आपण सगळे त्याच्या अंगाखांद्यावर अक्षता घेऊन उभे आहोत. अक्का अंतरपाटापलीकडून हे सगळं ऐकत होती. ती पुढं मला म्हणाली, "मला तवाच कळलं, ह्या माणसाच्या संसारात मी दुसरी हाय. पयली ती सुई."

त्या सुईपायी त्यांच्या घरातलं सगळं लोखंड बाटलं. अक्काच्या शिवणाच्या सुया त्यांनी लोहचुंबकावर एकाच दिशेनं घासून घासून चुंबक करून ठेवल्या होत्या. एक सुई उचलायला जावं तर माळेसारख्या पाच-सहा लटकत वर यायच्या. अडकित्त्याला सुपारी कातरताना टाचण्या चिकटायच्या. काचेची कांडी रेशमावर घासली की तिच्यात वीज येते हे दाखवण्यासाठी त्यांनी अक्काच्या लग्नातल्या शालूचा पदर इतका घासला होता की त्यातून पलीकडचं दिसायचं. हा प्रयोगही कोल्हापुरात पावसाळ्यात होत नाही, हवेत ओल असते म्हणून. त्यामुळे दाजींचं वर्ष दोन भागांत वाटलेलं होतं: आषाढ-श्रावणात लोहचुंबक, आणि थंडी पडली की घासायची वीज. थंडी सुरू झाली म्हणजे गल्लीतल्या मांजरांना आधी कळायचं. ती दाजींच्या दारावरून जायची बंद व्हायची.

आपल्या कोल्हापुरी चपलेवर मात्र त्यांचं मनापासून प्रेम होतं, आणि त्यालाही कारण होतंच. अस्सल चपलेत खिळा नसतो. सगळी चामड्याच्या वादीनं शिवलेली. "जगात कुठं असं पादत्राण नाही," ते वर्गात सांगायचे, "की जे घालून माणूस होकायंत्राच्या शेजारी निर्धास्त उभा राहील." त्यामुळे त्यांच्या प्रयोगाच्या खोलीत चपला घालून जायला परवानगी होती, पण खिळ्यांचे बूट घालून जायला बंदी. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना त्यांनी दारात बूट काढायला लावले. साहेबांना वाटलं आत देव आहे. त्यांनी नमस्कार केला, आत आले आणि भिंतीवर टांगलेल्या नालाच्या आकाराच्या लोहचुंबकासमोर हात जोडून उभे राहिले. दाजींनीही त्यांना थांबवलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "का थांबवायचं? योग्य ठिकाणी चालला होता नमस्कार."

शिकवण्याची त्यांची तऱ्हा मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही, कारण अक्काशी त्यांचं लग्न होण्याआधी मी त्यांच्याच वर्गात होतो. साध्या लोखंडात आणि लोहचुंबकात फरक काय, हे सांगायला ते फळ्याकडे वळतच नसत. ते म्हणायचे, लोखंडाचे बारीक बारीक कण म्हणजे जोतिबाच्या यात्रेतली माणसं समजा. एक नारळ घेतोय, एक पोरगं हुडकतोय, एक गुलाल झाडतोय, एकाचं भांडण लागलंय. तोंडं सगळी भलतीकडे. प्रत्येकात जोर आहे, पण एकाचा जोर दुसऱ्याला मारतोय. हे साधं लोखंड. आता पालखी निघाली! झाली की नाही सगळ्यांची तोंडं एका दिशेला? हे लोहचुंबक. आणि मग ते आम्हाला खरोखरच उभं करायचे. आम्ही आधी गोंधळ घालायचो, मग दाजी हातातला चुंबक पालखीसारखा मिरवत बाकांमधून निघायचे आणि आम्ही सगळे तिकडे तोंड करून बेंबीच्या देठापासून "चांगभलं!" ओरडायचो. एकदा हा आरडाओरडा ऐकून मुख्याध्यापक छडी घेऊन धावत आले. अख्खा वर्ग उत्तरेला तोंड करून गरजत होता. दाजी शांतपणे म्हणाले, "सर, जरा बाजूला व्हा. तुम्ही उत्तर ध्रुवात उभे आहात." मुख्याध्यापक बाजूला झाले. माणसं दाजींचं ऐकायची ती अशी, काही न समजता.

मग ते विचारायचे, लोहचुंबक तापवला किंवा हातोड्यानं बडवला तर त्याची शक्ती का जाते? आम्ही एका सुरात सांगायचो, "वळीव आला, यात्रा पांगली!" पुस्तकात हे उत्तर नव्हतं. परीक्षेत मी हेच लिहिलं. दाजींनी पूर्ण गुण दिले.

पुढं मी चळवळीत पडलो तेव्हा त्यांनी मलाही आपल्या शास्त्रातून सोडलं नाही. तारेचं वेटोळं घातलेल्या खिळ्यातून... नव्हे, खिळ्याभोवतीच्या तारेतून वीज सोडली की खिळा चुंबक होतो, वीज थांबली की पुन्हा खिळाच. "पावणं, तुम्ही नरम लोखंड," ते म्हणाले. "सभेत तुमच्याभोवती तार गुंडाळलेली असते. घरी आलात की खिळा." मला इतका राग आला की मी त्या दिवशी त्यांच्याकडे जेवलो नाही. दोनच भाकरी खाल्ल्या.

अशा या माणसावर एकदा खरोखरचं संकट आलं. त्यांची प्रयोगाची खोली जाणार असं ठरत आलं.

ही खोली म्हणजे शाळेच्या मागचा जुना तबेला. दाजींनी तो स्वतः झाडून, सारवून घेतला होता. नवसागराच्या पाण्यात कोळशाची कांडी आणि जस्त उभं करून केलेले वीजघट तिथं फळीवर रांगेनं मांडलेले असायचे. दुसऱ्या शाळांत तेव्हा वीज फळ्यावर खडूनं काढायचे. आमच्याकडे ती बोटाला चावायची. आणि संस्थेच्या अध्यक्षांना नेमका हाच तबेला आखाड्यासाठी हवा होता. अध्यक्ष म्हणजे तरुणपणी लाल मातीत नाव काढलेला गडी, आता पोट सुटलेलं, पण मान अजून बैलासारखी. त्यांचं म्हणणं सरळ होतं: कोल्हापूरची शाळा आणि तिला आखाडा नाही, म्हणजे काय? मी ताबडतोब पत्रक काढलं: "विज्ञानाच्या मानगुटीवर लंगोट!!!" ते वाचून अध्यक्ष जास्तच इरेला पेटले.

राहिले संस्थेचे चिटणीस. सगळं त्यांच्या शब्दावर येऊन अडलं होतं. चिटणीस उंचीनं बेताचे, बोलणं मोजकं, आणि सोवळं कडक. पूजा उरकून रेशमी पीतांबर आणि रेशमी उपरण्यानिशीच ते शाळेत एक फेरी मारायचे, आणि पोरांनी दोन हात लांब व्हायचं. घटना झाली, कायदा झाला, पण चिटणिसांचे ते दोन हात काही कमी झाले नाहीत. त्यांना आखाडाही नको होता आणि प्रयोगही नकोत, कारण दोन्हीत शिवाशिव. माझ्या यादीत हा माणूस पहिल्या नंबरावर होता. दाजींना मात्र त्यांच्याविषयी फार आदर. का, तर त्यांच्या पीतांबराचं रेशीम उत्तम प्रतीचं होतं. चिटणीस समोरून गेले की दाजी हातातली काचेची कांडी नकळत वर करायचे.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, भांडान नगं. आम्ही येऊन बघतो. आखाड्यात पोराला जोर येतो. तुमच्या खोलीत काय येतं ते दावा. पटलं तर ऱ्हावा, न्हाईतर माती टाकतो."

दाजी घरी येऊन दोन दिवस धड जेवले नाहीत. अक्का काळजीत पडली. मला म्हणाली, "ही खोली गेली तर ह्यो माणूस घरात बसून माझ्यावर प्रयोग करंल रं." पण डोळे तिचेही भरले होते. तबेला गेला तर दाजी पुन्हा फळ्यावर खडूनं वीज काढणार, आणि त्यांच्यासारखा माणूस अशानं आतून विझून जातो, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

ठरलेल्या सकाळी अध्यक्ष आले, मागोमाग पूजा आटोपून चिटणीस आले. मीही हजर होतो. अध्यक्षांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यो कागदं वाटणारा तुमचा मेव्हणा व्हय?"

"होय," दाजी म्हणाले, "पण तो चांगला सुवाहक आहे. रांगेत उपयोगी पडेल."

प्रयोग साधा होता. दाजींनी दिवाळीच्या सुट्टीत तारेचे हजारो वेढे देऊन एक यंत्र केलं होतं. कळ दाबली की ते गुणगुणायचं आणि त्याच्या दोन पितळी मुठींमधून झटका निघायचा. जीव घेणारा नव्हे, पण माणूस विसरणार नाही असा. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरून रांग करायची, दोन टोकांच्या माणसांनी दोन मुठी धरायच्या, आणि मग वीज एकाच क्षणी सगळ्यांतून जाणार. दाजींनी रांग लावली ती उंचीप्रमाणे, हात नीट जुळावेत म्हणून. त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. एका टोकाला सगळ्यांत उंच म्हणून अध्यक्ष, मग मी, मग मॅट्रिकची दांडगी पोरं, मग लहान होत होत चिटणीस, आणि शेवटच्या टोकाला वर्गात सगळ्यांत बुटका आणि सगळ्यांत हुशार मारुती. मारुतीचा बाप चपला शिवायचा. दाजींच्या पायातल्या त्या बिनखिळ्याच्या चपला त्याच्याच हातच्या.

चिटणीस क्षणभर थबकले. मग रांगेत उभे राहिले. डाव्या बाजूचा पोरगा भिक्षुकाच्या घरचा, त्याचा हात त्यांनी नुसता धरला. उजवा हात उपरण्याच्या घड्यांत गुंडाळून घेतला आणि मारुतीपुढं केला.

दाजींनी कळ दाबली. यंत्र गुणगुणलं. झालं काहीच नाही.

अध्यक्ष डोळे मिटून उभे होते, त्यांनी एक डोळा उघडला. "मास्तर, आली का गेली?"

"आलीच नाही," दाजी म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पुन्हा कळ दाबली. पुन्हा नुसतं गुणगुणणं.

"तुमची वीज बी सुट्टीवर हाय जनू," अध्यक्ष म्हणाले. "अवो, आमचं एखादं नवशिकं पोर बी निदान अंगाला माती लावून घेतंय."

पोरं फिदीफिदी हसली. दाजींनी एक छोटं सुईचं यंत्र काढलं, ज्यात थोडीशी वीज गेली तरी सुई हलते, आणि अध्यक्षांपासून सुरुवात करून एकेका जोडीचे हात तपासायला लागले. अध्यक्ष आणि मी: सुई हलली. मी आणि शेजारचा: हलली. पुढं, पुढं. प्रत्येक हाताशी दाजी पुटपुटायचे, "इथं ठीक आहे." मारुती जमिनीकडे बघत होता. वीज कुठं अडली आहे हे त्या पोराला आम्हा सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं.

शेवटच्या जोडीपाशी सुई हलली नाही.

मी छाती भरून घेतली. आयुष्यभर मी या क्षणाची वाट बघत होतो. तीन उद्गारचिन्हं माझ्या जिभेवर येऊन उभी होती. तेवढ्यात दाजी आनंदानं जवळजवळ नाचलेच.

"मुलांनो, बघा! बघा! रेशीम! कोरडं, घडी घातलेलं, शुद्ध रेशीम! याच्यातून वीज जात नाही! मी चार वर्षं घसा फोडून सांगतोय, पण चिटणीससाहेबांनी एका क्षणात दाखवून दिलं. वाजवा टाळ्या!"

पोरांनी हात सोडून कडाडून टाळ्या वाजवल्या. चिटणिसांना काय करावं सुचेना. त्यांनी उपरणं किंचित सावरलं. टाळ्या थांबायची वाट बघून ते कोरड्या आवाजात म्हणाले, "मास्तर, मी काही दाखवायला म्हणून केलं नाही."

"त्यानं काय फरक पडतो? उत्तर तेच येतं," दाजी म्हणाले. "आता दुसरा प्रयोग. सुती कापड, ओलं. ओल्यातून वीज जाते का बघू. तुम्हाला ओला पंचा चालेल ना? सोवळ्यात ओलेतं चालतं असं मी ऐकलंय."

चिटणीस विचार करून म्हणाले, "नुकताच धुतलेला असेल तर चालतो."

"विजेलाही चालतो!" दाजी म्हणाले आणि बादलीकडे धावले.

आता मात्र माझा बांध फुटला. "दाजी, ही तडजोड आहे! ही सनातन्यांशी केलेली निर्लज्ज तडजोड आहे! हात धरायचा तर..."

"पावणं, रांग सोडू नका," दाजी पंचा खळबळून पिळत म्हणाले. "ही तडजोड नाही. हा दुसरा प्रयोग आहे."

"आरं गप ऱ्हा की कागदवाल्या," अध्यक्षांनी माझा हात दाबला, तेव्हा माझी बोटं कडाकडा वाजली. "मला बघू दे तरी."

पंचा दिला गेला. उपरणं खांद्यावर गेलं. हात पुन्हा जुळले. दाजी यंत्रापाशी गेले, सगळ्यांवरून एक नजर फिरवली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बोट तोवर कळेवर पोचलं होतं.

पुढचं सगळं एका क्षणात झालं, पण सांगायला वेळ लागेल. माझ्या कोपरात कुणीतरी मिरची भरल्यासारखं झालं. अख्ख्या रांगेला एकदम हिसका बसला. पोरं "आई गं!" म्हणून ओरडली. आणि ज्यांची पाठ भल्याभल्यांना मातीला लावता आली नव्हती ते अध्यक्ष "अंबाबाई!" अशी आरोळी ठोकून उडाले आणि कोपऱ्यात तबेल्याच्या काळापासून उरलेल्या गवताच्या गंजीवर उताणे पडले. फेटा सुटून घटांच्या फळीखाली गेला. आम्हाला वाटलं, संपलं, आता खोलीसकट दाजीही गेले.

अध्यक्ष तसेच पडून छताकडे बघत होते. मग त्यांचं पोट हलायला लागलं. "चीत!" ते म्हणाले. "च्यायला, चीत! हात न्हाई लावला, डाव न्हाई टाकला, आन् आख्खी फळी एका दमात चीत! मास्तर, ह्या पैलवानाचं नाव काय म्हणाला?"

"वीज," दाजी म्हणाले.

"हिच्यासंगं कुस्ती कोन धरनार?" अध्यक्ष उठून बसले. "आखाडा मागच्या अंगनात काढू. ही खोली ऱ्हाऊ दे. चिटणीस, तुमचं काय म्हननं?"

आम्ही सगळे चिटणिसांकडे वळलो. ते जागचे हलले नव्हते. आपल्या उजव्या हाताकडे बघत उभे होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग म्हणाले, "राहू द्या." आणि चहाला न थांबता निघून गेले.

मी दाजींना उचलायचंच बाकी ठेवलं होतं. पण घरी पोचलो तर दाजींचा चेहरा उतरलेला. अक्कानं शिरा केला होता. ती घाबरून म्हणाली, "गेली खोली?"

"राहिली."

"मग असं तोंड का?"

"प्रयोग बिघडला," दाजी म्हणाले. "ओल्या पंच्यातून वीज जाते हे सिद्धच झालं नाही. मी कळ दाबली तेव्हा पंचा खाली जमिनीवर होता. मी शेवटच्या क्षणी बघितलं. वीज नुसत्या हातातून गेली."

मी ताटावरून उठलोच. "पंचा खाली होता? आणि चिटणिसांनी मारुतीचा हात...? दाजी, पडला की टाकला?"

"ते मला दिसलं नाही."

"मारुतीला विचारू!"

"विचारलं. तो म्हणतो, 'सायबांनी हात घट्ट धरला हुता, पंच्याचं मला काय ठावं न्हाई.'"

"मग झालंच की! मी उद्याच छापतो. 'चिटणिसांचं सोवळं गळालं!!!' अख्ख्या कोल्हापुरात वाटतो!"

दाजींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती ते फक्त चुकीच्या दिशेनं सुई घासणाऱ्या पोरासाठी राखून ठेवायचे. "पावणं, पडला की टाकला हे कुणी पाहिलेलं नाही. जे सिद्ध झालेलं नाही ते छापायचं नसतं. आधी प्रयोग पुन्हा करायला हवा."

मी पुष्कळ वाद घातला. अक्कानं त्यांचीच बाजू घेतली, हे आणखी विशेष. शेवटी मी तणतणत शिरा खाल्ला.

आणि दाजींनी खरोखरच चिटणिसांना गाठलं. रस्त्यात, देवळाच्या दारात, शाळेच्या पायरीवर. "साहेब, एकदा या. तो ओल्या पंच्याचा प्रयोग राहिलाय." चिटणीस नेहमीसारखे दोन हात अंतरावर उभे राहून म्हणायचे, "बघू." कधी नाही म्हणाले नाहीत, कधी आले नाहीत. त्यांची शाळेतली फेरी चालूच होती. फक्त प्रयोगाच्या खोलीवरून जाताना चाल जरा मंद व्हायची. मी ते पाहिलंय, पण त्याचंही काही सिद्ध झालेलं नाही. दाजींनी मात्र एक पंचा काचेच्या वाडग्यात पाण्यात बुडवून खिडकीत ठेवून दिला. चिटणीस कधीही आले तरी प्रयोग तयार असावा म्हणून. दर गुरुवारी पाणी बदलायचे, पंचा विरला की अक्काच्या कपाटातून दुसरा न्यायचे. अक्का मला म्हणायची, "माझं पंचं त्या खिडकीत जलसमाधी घेत्यात रं, एकामागनं एक." पण नवा पंचा तीच घडी घालून द्यायची. मारुती मॅट्रिक होऊन गेला. त्याच्या जागी दुसरी बुटकी पोरं आली. वाडगा होता तिथंच होता.

गेल्या हिवाळ्यात चिटणीस वारले. घाटावर बरीच माणसं होती, त्यांत दाजी होते. मी नव्हतो गेलो. मला अजून ठरवता आलेलं नाही की मी त्या माणसाचा निषेध करायचा की काय करायचं. संध्याकाळी मी खोलीवर गेलो तेव्हा दाजी एकटेच होते. त्यांनी खिडकीतला वाडगा उचलला, पाणी दाराबाहेर ओतलं, पंचा नीट पिळला, झटकला आणि दोरीवर वाळत घातला.